तेलातील तांबडा रंग : बिदर-कलबुर्गीची करडई आणि परसातली शेंद्री

आपल्या घरात तेलाचे मुक्काम दोन. एक देवघरात, दुसरा स्वयंपाकघरात. ह्या दोन्ही ठिकाणी तेलाची तांबड्या रंगाशी गाठ पडते, ही गोष्ट रोजच्या सवयीमुळे सहसा ध्यानात येत नाही. मारुतीच्या वा गणपतीच्या मूर्तीस चढणारा शेंदूर तेलातच कालवावा लागतो. आणि इकडे चुलीवर फोडणी बसली म्हणजे आमटीवर जो तांबूस तवंग धरतो, तोही तेलानेच उचललेला रंग असतो. मात्र हे दोन रंग आपल्या पूर्वजांनी कधी एकमेकांत मिसळू दिले नाहीत. देवाचा शेंदूर पानात आला नाही, आणि पानातला रंग देवाच्या अंगावर चढला नाही.

ह्या दोहोंच्या मधोमध, ना धड घरात ना धड देवळात, परसाच्या कडेला एक झाड उभे आहे. त्याला आपण शेंद्री म्हणतो. कोठे केसरी असेही म्हणतात. हिंदीत त्याचे नाव लटकन. कोकणात, गोव्यात आणि कारवारकडे राहिलेल्या वाचकांनी ते पुष्कळदा पाहिले असेल. पाने पिंपळाच्या पानाची आठवण करून देणारी, फुले फिकट गुलाबी, आणि फुलांमागून येणारी मऊ काट्यांची बोंडे. बोंड वाळून उकलले की आत बारीक बी असते, आणि त्यावर शेंदरासारखाच लाल लेप असतो. मुलांनी ते बोटाला चोळावे, कपाळाला टिळा लावावा आणि आईकडून कपडे खराब केल्याबद्दल बोलणी खावीत, इतकाच त्याचा उपयोग बहुतेक घरांना ठाऊक आहे. परंतु अर्ध्या जगात हेच बी तेलात टाकून तेल रंगवितात आणि त्यात स्वयंपाक करतात. ही रीत आपल्याकडे का रुजली नाही, ह्याचा शोध घेऊ लागलो की वाट आपोआप तेलाच्या मुलखाकडे, म्हणजे बिदर आणि कलबुर्गी ह्या सीमावर्ती जिल्ह्यांकडे वळते.

शेंद्री मूळची ह्या देशाची नव्हे. ती उष्ण कटिबंधातील अमेरिकेची. तेथील मूळ रहिवासी बियांचा लाल लेप अंगाला फासत. मेक्सिकोच्या नाहुआ लोकांच्या भाषेतील शब्दावरून तिला स्पॅनिश भाषेत ‘आचिओते’ हे नाव पडले. १७५३ साली लिनीयसने तिला शास्त्रीय नाव दिले, त्यात ‘ओरेलाना’ हा भाग १५४१-४२ मध्ये अ‍ॅमेझॉन नदीतून प्रवास करणाऱ्या फ्रान्सिस्को दे ओरेलाना ह्याच्या स्मरणार्थ आहे. स्पॅनिश लोकांच्या जहाजांतून ती फिलिपाइन्स बेटांत गेली, आणि तेथील गृहिणी आजही तेलात हे बी तापवून आपले कालवण रंगवितात. इंग्लंडात रेड लेस्टरसारखे चीज ह्याच बियांनी तांबूस होते.

समुद्रापलीकडून आलेल्या वस्तू दख्खनच्या पठारावर चढण्याचा एक मार्ग गोव्याहून होता. १४७२ साली बहमनी वजीर महमूद गावान ह्याने गोवे जिंकले, तेव्हा बहमनी राज्याची राजधानी बिदर होती; त्याने बांधलेला मदरसा आजही बिदरात भग्नावस्थेत उभा आहे. त्याच्याही आधी, १३४७ पासून, ह्याच राज्याची गादी गुलबर्ग्यास होती. १५१० मध्ये गोवे पोर्तुगीजांकडे गेले, तरी घाट चढून येणारी व्यापाराची वाट काही बंद झाली नाही. किनाऱ्याचा आणि ह्या पठाराचा संबंध असा जुना आहे. मातीचाही संबंध आहे. बिदरचे पठार जांभ्या दगडाचे. कोकणातला माणूस तेथे गेला तर पायाखालची तांबडी माती त्याला ओळखीची वाटते. पठार उतरून भालकी, बसवकल्याण, आळंदकडे गेले की जमीन काळी होते, आणि त्या काळ्या जमिनीत तेलाचे राज्य सुरू होते.

ते राज्य फार जुने आहे. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट म्हणजे आजचे कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड. त्यांच्यानंतर आलेल्या चालुक्यांनी अकराव्या शतकात राजधानी कल्याणला नेली. ते बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण होय. ह्या काळच्या कन्नड शिलालेखांत तेल्यांच्या संघाचा उल्लेख ‘तेल्लिगांची पन्नास घरे’ असा वारंवार येतो. देवळातील नंदादीपासाठी घाण्यामागे ठराविक तेल द्यावे, असे दान ही मंडळी लिहून देत. राजाने गाव द्यावा, व्यापाऱ्याने सुपारीवरील हक्क सोडावा आणि तेल्याने पळीभर तेल द्यावे, अशा रीतीने देवळाचा संसार चालत असे. ज्या दिव्यापुढे आपण हात जोडतो त्याची वात कित्येक शतके घाण्याच्या बैलाने तेवत ठेवली आहे, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही. बाराव्या शतकात बसवेश्वरांच्या भोवती कल्याणात जे शरण जमले, त्यांत गाणद कण्णप्पा नावाचे वचनकार होते. कन्नडमध्ये गाण म्हणजे घाणा. त्यांच्या धंद्यानेच त्यांचे नाव घडविले.

त्याच कल्याणात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा ह्याने ११३०च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. जुन्या मराठी भाषेच्या अभ्यासकांसही तो प्रिय आहे, कारण त्यातील गीतांच्या उदाहरणांत मराठीचे प्राचीन नमुने सापडतात. त्यात अन्नभोग नावाचे प्रकरण आहे आणि स्नानभोग नावाचेही आहे. म्हणजे मुखी लागणारे तेल व अंगी लागणारे तेल अशा दोन्हींचा विचार राजाने केला आहे. राजाच्या पाकशाळेत मिरे आहेत, हिंग आहे, जिरे, मोहरी, आले, हळद आहे. मिरची मात्र नाही, आणि ती असणे शक्यही नव्हते; कारण मिरची हीसुद्धा शेंद्रीसारखीच अमेरिकेची लेक. तेव्हा कल्याणच्या राजवाड्यातील तेलाचा तवंग हळदीचा पिवळा असला पाहिजे. आज सीमाभागातील ज्या झणझणीत लाल कालवणास आपण ‘परंपरागत’ म्हणतो, त्याचा रंग बसवेश्वरांनी पाहिलेला नाही.

पण लाल रंग देणारी एक वनस्पती ह्या मुलखात होती, आणि तीच येथील तेलाचीही वनस्पती होती. ती करडई. संस्कृतात कुसुंभ, कन्नडमध्ये कुसुबे. रब्बीच्या हंगामात ज्वारी-हरभऱ्याच्या शेताला कडेने करडईची पट्टी पेरावी, म्हणजे तिच्या काट्यांमुळे गुरे आत शिरत नाहीत, ही शेतकऱ्याची जुनी युक्ती आहे. तिचे मूळ खोल जाते, म्हणून पावसाळ्यानंतर जमिनीत उरलेल्या ओलीवर ती तग धरते. कोवळेपणी तिची भाजी होते. बिया वाटून त्यांचे दूध काढतात व ते हुग्गीत घालतात. बियांचे तेल निघते, आणि पेंड गुरांच्या कामी येते. फुलांच्या केशरी पाकळ्यांपासून कुसुंबी रंग होतो. लुगडी, फेटे, पागोटी रंगविणाऱ्या रंगाऱ्यांनी तो शतकानुशतके वापरला.

येथे निसर्गाने एक गंमत केली आहे. एकाच झाडाने तेलही दिले आणि तांबडा रंगही दिला, परंतु त्या दोघांचे सूत जुळू दिले नाही. करडईच्या फुलात पिवळा व लाल असे दोन रंग असतात. पिवळा साध्या पाण्याने धुऊन जातो. लाल रंग निघण्यासाठी पाकळ्या खारात मळाव्या लागतात आणि मग लिंबाचा रस वा तसलाच आंबट पदार्थ घालून तो कापडावर बसवावा लागतो. तेलात तो उतरत नाही. उन्हानेही लवकर उडतो. कुसुंबी रंगाच्या क्षणभंगुरपणाला जुन्या संस्कृत वाङ्मयात दृष्टांताचे स्थान मिळाले ते ह्यामुळेच. अशा रीतीने करडईचे तेल घाण्यावर गेले, तिचा रंग रंगाऱ्याच्या भट्टीवर गेला, आणि स्वयंपाकघरातील तेल रंगावाचून राहिले.

ही रिकामी जागा पुढे मिरचीने भरून काढली. पोर्तुगीजांबरोबर आलेले हे फळ दोनअडीचशे वर्षांत सगळ्या दख्खनभर पसरले. मिरचीचा लाल रंग तेलात सहज विरघळतो, हळदीचाही विरघळतो. म्हणूनच आपल्या स्त्रियांनी फोडणीची रीत बसविली आहे: तेल तापले की आधी मोहरी, मग हिंग, हळद आणि शेवटी तिखट, करपू न देता. रंग आणि वास तेलाच्या हवाली करावयाचे आणि तेलाने ते सगळ्या पदार्थात पोहोचवावयाचे, हे शास्त्र आपल्याकडे पाठशाळेत नव्हे तर चुलीपुढे शिकविले गेले.

आता प्रश्न असा की एकाच खंडातून आलेल्या ह्या दोघींपैकी मिरची माजघरात शिरली आणि शेंद्री परसातच का राहिली? एक कारण उघड आहे. मिरची रंग देते आणि चवही देते. शेंद्री रंग देते, चव जवळजवळ नाहीच. परंतु दुसरे कारण नावात असावे, असे मला वाटते. परकी वस्तू आली की आपण तिला ओळखीच्या वस्तूचे नाव देतो. मिऱ्यासारखी तिखट म्हणून मराठीत ती मिरची झाली. कन्नडमध्येही मेणसु म्हणजे मिरे, त्यावरून मेणसिनकाई. नावानेच तिला खाण्याच्या वस्तूंत पाट मांडून दिला. दुसरीचे बी शेंदरासारखे दिसले म्हणून ती शेंद्री झाली. सोळाव्या शतकातील भावमिश्राच्या ‘भावप्रकाशा’त सिंदूरी नावाची तांबड्या बियांची वनस्पती आली आहे आणि ती हीच, असे सामान्यतः मानतात. फिरंगी लोकांबरोबर आलेल्या फिरंग रोगाचे वर्णनही त्याच ग्रंथात आहे, हे लक्षात घेतले म्हणजे काळाचा मेळ बसतो. शेंदूर ही देवाच्या अंगावर चढणारी वस्तू, खाण्याची नव्हे. शेंदराचे नाव घेऊन आलेल्या बियांना कोणती गृहिणी कढईत टाकणार? शेंद्रीच्या वाट्याला रेशमाचा रंग आला, थोडे वैद्याचे काम आले, आणि मुलांचा खेळ आला.

गृहिणींचा हा संकोच अज्ञानाचा म्हणता येणार नाही. शेंदूर हा बहुधा शिशापासून केलेला खनिज रंग आहे, आणि शिसे पोटात गेले तर, विशेषतः लहान मुलांना, ते विषच. मूर्तीवर तेल-शेंदराचे थर चढत जातात व त्यांचे कवच होते. २०२२ साली नाशिककडील सप्तशृंगगडावर देवीच्या मूर्तीवरील असा पिढ्यानुपिढ्यांचा थर उतरविण्यात आला, तेव्हा आतील मूळ रूप भक्तांस दिसले. देवाचा रंग देवापाशीच ठेवावा, ह्या दंडकात पूर्वजांनी शहाणपणच साठवून ठेवले होते. शिवाय शेंद्री हे नाव आपल्याकडे आणखी एका झाडास आहे. डोंगरातील कपिला, जिला वैद्य कंपिल्लक म्हणतात, तिलाही कित्येक ठिकाणी शेंद्री वा शेंदरी म्हणतात. तिच्या फळाच्या बाहेरच्या अंगावर लाल भुकटी असते; ती जंतांवरचे तीव्र रेचक आहे, कालवणात घालण्याची वस्तू नव्हे. आपली शेंद्री ती, जिच्या काटेरी बोंडाच्या आत बियांवर रंग असतो. एका नावाखाली एक विष, एक औषध आणि एक खाद्य रंग असे तिघे नांदत आहेत. म्हणून नावावर विसंबू नये. बोंड हातात घेऊन पाहावे.

एकोणिसाव्या शतकात तेलाच्या ह्या मुलखाचे दिवस पालटले. १८७१ साली मुंबईहून येणारा लोहमार्ग गुलबर्ग्यावरून रायचूरला पोहोचला. तेलबिया आगगाडीने बाहेर जाऊ लागल्या आणि रॉकेल आत येऊ लागले. घरातील दिवा रॉकेलवर गेला. तेलाचा दिवा देवापुढे तेवढा उरला. पुढे गिरण्या आल्या, लाकडी घाण्यांची करकर कमी झाली. १९३४ मध्ये गांधीजींच्या प्रेरणेने ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, वर्ध्याच्या मगनवाडीत सुधारलेली घाणी तयार झाली, परंतु गिरणीपुढे तिचा टिकाव सर्वत्र लागला नाही. १९४८ मध्ये निजामाची सत्ता संपली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार रचनेत जुना बिदर जिल्हा दुभंगला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मराठी राज्याच्या बाजूला गेले, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात राहिले. नकाशावर रेघ उमटली, तरी करडईच्या शेताला ती कळली नाही. रेघेच्या दोन्ही बाजूंस तेच तेल आणि तीच भाकरी राहिली. हुमनाबादजवळच्या माणिकनगरी माणिकप्रभूंनी (१८१७–१८६५) मराठीत, कन्नडात आणि हिंदीत पदे रचली. त्या भूमीत भाषेच्या भिंती कधीच उंच नव्हत्या.

रेघेने जे केले नाही ते बाजाराने केले. १९८०च्या दशकात भारतात करडईखाली सुमारे दहा लाख हेक्टर जमीन होती. आज त्याचा लहानसा अंशच उरला आहे. काट्यांमुळे कापणीस मजूर मिळेनात, सोयाबीन आणि तूर अधिक पैसा देऊ लागली, आणि डब्यातले स्वस्त परदेशी तेल दुकानादुकानात आले. ज्या गावांत तेल कोणाच्या घाण्याचे हे चवीवरून ओळखत, तेथे आता पिशवीवरील चित्र पाहून तेल घेतात.

तेलाची ओळख गेली तशी रंगाचीही गेली. लोण्याला पिवळेपणा आणण्यासाठी एके काळी डांबरापासून काढलेला एक रंग वापरीत. तो कर्करोगास कारण होतो असे सिद्ध झाल्यावर त्याजवर बंदी आली. २००३ साली भारतातून युरोपात गेलेल्या मिरचीच्या पुडीत सुदान नावाचा तेलात विरघळणारा कृत्रिम रंग सापडला, आणि देशाच्या नावास बट्टा लागला. आणि ह्या सर्वांत विनोद असा, की शेंद्री मात्र मागील दाराने आपल्या घरात येऊन बसली आहे. १९५४च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याखालील नियमांनी ज्या नैसर्गिक रंगांस मान्यता दिली, त्यांत हळद, केशर, रतनजोत ह्यांच्याबरोबर तीही होती. म्हैसूरच्या केंद्रीय अन्नतंत्र संशोधन संस्थेने तिचा रंग काढण्याच्या पद्धतींवर काम केले. चीजच्या डब्यावर बारीक अक्षरांत ‘१६०-ब’ असा आकडा असतो. तो आकडा म्हणजे आपल्या परसातले बोंड. कारखान्याचे तिला खाऊन झाले, घराने मात्र तिला अजून ओळखलेले नाही.

ती ओळख करून घेणे कठीण नाही. हिवाळ्यात बोंडे वाळून तपकिरी झाली की बी काढावे, निवडावे आणि कोरडे करावे. एक भाग बी व चार भाग तेल असे प्रमाण पुरे. तेल घाण्याचे करडईचे मिळाले तर उत्तम, नाही तर शेंगदाण्याचे. जाड बुडाच्या भांड्यात दोन्ही एकत्र घालून मंद आचेवर ठेवावे. तेलातून धूर निघता कामा नये, आणि बी तडतडून काळे पडता कामा नये. आच जास्त झाली की लाल रंग मोडून पिवळट होतो व तेलास कडवट चव येते. चार-पाच मिनिटांत तेल गडद नारिंगी होते. भांडे उतरवून झाकून ठेवावे, निवाल्यावर स्वच्छ कोरड्या फडक्यातून गाळावे, बी टाकून द्यावे. करडईचे तेल लवकर खवट होते आणि उजेडाने रंग उडतो, म्हणून एका वेळी वाटी-दोन वाट्यांहून अधिक करू नये आणि ते बरणीत अंधाऱ्या जागी ठेवावे. तळणासाठी ते नव्हे. भातावर, वरणावर, भाकरीबरोबरच्या चटणीत, अथवा ज्यांस तिखट वर्ज्य आहे अशा वृद्धांच्या व मुलांच्या आमटीवर शेवटी चमचाभर घालावे. तवंग मिरचीचा दिसतो, पण जीभ भाजत नाही. क्वचित एखाद्या प्रकृतीस हे बी मानवत नाही, म्हणून पहिल्या वेळी थोडेच घ्यावे.

बिदरात जस्ताच्या भांड्यांवर चांदी जडवून बिदरी काम करतात. किल्ल्यातील माती आणि नवसागर ह्यांच्या पाण्यात भांडे बुडविले की धातू काळा होतो, चांदी पांढरीच राहते. आणि अगदी शेवटी कारागीर त्यावर तेलाचा हात फिरवितो, तेव्हा त्या काळ्या रंगाला खोली येते. तेल स्वतः रंग निर्माण करीत नाही. जो मिळाला तो ते उजळते, मग तो खरा असो की खोटा. म्हणून रंग कोणता द्यावयाचा हे घराने ठरवावयाचे असते. पूर्वी ते ठरविणे सोपे होते, कारण घाणा गावात होता, करडई शिवारात होती आणि शेंदूर कोठे ठेवावा हे सासू सुनेस सांगत असे. आता ती साखळी तुटली आहे. देवस्थानच्या आवारात पारिजातक आणि तगर असते, त्यांच्या शेजारी एक शेंद्री लावण्यास फारशी जागा लागत नाही, आणि नंदादीपासाठी तेल घेताना ते कोणत्या बियांचे, कोणत्या गावचे, एवढे विचारण्यास काही खर्च येत नाही. तेल्लिगांच्या पन्नास घरांनी शिळेवर कोरून दिलेल्या दानात तेलाचे माप होते आणि देणाऱ्याचे नावही होते. आपल्या समईतल्या आणि पानातल्या तेलाविषयी निदान तेवढे तरी आपणांस ठाऊक असावे.